शंभर वर्षं दिसलं नाही म्हणजे संपलं का? सह्याद्रीतली हरवलेली झाडं

दर पावसाळ्यात एक तरी बातमी येतेच की अमुक वनस्पती नामशेष झाली असं समजत होते आणि ती घाटात तमुक ठिकाणी पुन्हा सापडली, आणि बातमी आली की लगेच व्हॉट्सॲपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, बघा, निसर्ग असा संपत नसतो, हे पर्यावरणवाले उगाच घाबरवतात. दुसरा म्हणतो, मग इतकी वर्षं हे शास्त्रज्ञ लोक काय करत होते, नीट शोधलंच नसणार. खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण "नीट शोधणं" म्हणजे काय हे कळलं की तोही जरा गप्प बसेल. तर आज तेवढंच समजून घेऊया: डोंगरातली एखादी वनस्पती "लुप्त झाली" असं ठरवतात कसं, ते ठरवणं इतकं अवघड का आहे आणि सापडल्यावर तरी निश्चिंत व्हावं का.

उदाहरणाला एक गवत घेतो. हो, गवतच, कारण वाघ-गवा म्हटलं की सगळे वाचतात आणि गवत म्हटलं की स्क्रोल करतात. या गवताचं नाव हबार्डिया हेप्टान्यूरॉन. १९१९ साली सेजविक आणि बेल या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी ते गेरसोप्पाच्या धबधब्याजवळ, म्हणजे आपण ज्याला जोग म्हणतो तिथे, गोळा केलं. सेजविक आयसीएसमधला आणि बेल वनखात्यातला, दोघांचंही पोटापाण्याचं काम वेगळं आणि वनस्पती गोळा करणं हा नाद, पण नाद असा की आजही त्यांच्या नमुन्यांवर लोक अभ्यास करतात. तर ते गवत वाळवून, कागदावर चिकटवून ठेवलं गेलं आणि पुढे साधारण तीस वर्षं तसंच राहिलं. मग बोर नावाच्या गवततज्ज्ञाने ते बघितलं आणि लक्षात आलं की ही नुसती नवी जात नाहीये, जवळच्या नात्यातल्या जाती ज्यात मोडतात तो आख्खा गटच नवा आहे, म्हणजे शास्त्रीय भाषेत नवीन जीनस. इंग्लंडमधल्या क्यू गार्डनच्या हबार्ड या गवततज्ज्ञाच्या नावावरून जीनसला नाव दिलं हबार्डिया, आणि सात शिरा दिसतात म्हणून हेप्टान्यूरॉन.

आता यातली गंमत बघा. गवताला नाव मिळेपर्यंत १९५० उजाडलं. हे गवत वाढतं कुठे, तर धबधब्याच्या तुषारांनी कायम ओल्या राहणाऱ्या कातळावर. आणि १९६४ मध्ये शरावतीवर वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण पूर्ण झालं, धबधब्याचं पाणी वीजनिर्मितीकडे वळलं, म्हणजे जोगचे तुषार पूर्वीसारखे बारमाही राहिले नाहीत. लोकांनी शोधलं, सापडलं नाही, आणि धरणामुळे गेलं असावं असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष अगदी तर्काला धरून होता. गवत नामशेषांच्या यादीत गेलं.

आणि मग एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या डॉ. श्रीरंग यादव यांच्या टीमला ते तिलारी घाटात मिळालं. जोगपासून बरंच लांब, उत्तरेला, आपल्या महाराष्ट्रात. म्हणजे सगळे जोगला शोधत होते कारण कागदावर जोग लिहिलेलं होतं, आणि हे दुसऱ्याच घाटातल्या ओल्या कातळावर निवांत वाढत होतं, कुणाला माहीतच नव्हतं की तिथेही बघायला पाहिजे.

इथून मुद्दा सुरू होतो. आपल्याकडे एखादा माणूस सात वर्षं बेपत्ता असला, त्याची खबरबात ज्यांना मिळायला हवी त्यांनाही मिळाली नाही, की कायद्याने तो मृत धरला जातो. वनस्पतींच्या बाबतीत पूर्वी असाच एक ढोबळ हिशोब होता, ५० वर्षं कुणाला रानात दिसली नाही की नामशेष. १९९४ मध्ये आययूसीएनने, म्हणजे जी संस्था ती प्रसिद्ध रेड लिस्ट काढते तिने, निकष नव्याने लिहिले आणि ५० वर्षांचा हिशोब काढून टाकला. आता नियम असा की शेवटचं रोप मेलं याबद्दल वाजवी शंका उरली नाही तरच "नामशेष" म्हणायचं, आणि त्याआधी ती वनस्पती जिथे होती आणि जिथे असू शकते त्या सगळ्या भागात, योग्य वेळी, म्हणजे दिवसाच्या, ऋतूच्या आणि वर्षाच्याही योग्य वेळी, कसून शोध झालेला हवा. शंका उरली तर तिला "अतिसंकटग्रस्त, कदाचित नामशेष" असा शेरा मारून ठेवतात. रानात संपली पण बागेत जिवंत आहे अशांसाठी अजून एक वेगळा गट आहे.

वाचायला सोपं वाटतं पण त्या "योग्य वेळी" आणि "सगळ्या भागात" या दोन शब्दांत सगळा घोळ आहे. आधी वेळेचं बघू.

खरपुडी किंवा कंदीलपुष्प ऐकलं असेल, शास्त्रीय नाव सेरोपेजिया. सह्याद्रीत याच्या बऱ्याच जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. जमिनीखाली कंद असतो. पावसाळ्यात कोंब वर येतो, ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास काही आठवडे फुलं, मग शेंगा, आणि पाऊस सरला, गवत पिवळं पडलं की वरचा सगळा भाग सुकून नाहीसा. डिसेंबरात तिथे जाऊन कितीही गुडघ्यावर बसून शोधा, काही मिळणार नाही, आणि कंद मात्र पायाखाली एखाद्या बोटावर असतो. शिवाय फूल नसेल तर वेल गवतात दिसतच नाही, दिसली तरी जात ओळखता येत नाही. आणि फुलं येतात त्या दिवसांत घाटात काय असतं, तर धुकं, शेवाळलेले कातळ, जळवा आणि सततचा पाऊस. सरकारी सर्व्हेच्या दौऱ्यांची तारीख, रजा, गाडी, निधी हे सगळं जुळून नेमकं त्याच आठवड्यात त्याच कड्यावर पोचायचं म्हणजे काय ते ट्रेकर लोकांना तरी सांगायला नको.

कारवी तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, सात वर्षांनी फुलते. तिची झुडपं मोठी असतात म्हणून न फुलताही ओळखू येते एवढंच. पण एखादी छोटी वनस्पती पाऊस मनासारखा झाला नाही तर त्या वर्षी वरच येत नसेल, बी मातीत पडून राहत असेल, तर दोन-तीन वर्षं शोधूनसुद्धा रिकाम्या हाताने परत यावं लागतं आणि त्याचा अर्थ काहीच लागत नाही. म्हणून "दिसलं नाही" हे वाक्य वाचलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, कुणी, कधी आणि किती वेळा बघितलं.

आता जागेचं. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात वनस्पती गोळा करणारे बरेच जण होते, लॉ, स्टॉक्स, डॅलझेल, पुढे वुड्रो, कुक. त्यांनी केलेलं काम अफाट आहे, पण लेबलं लिहिण्याची पद्धत अशी की आजच्या माणसाने कपाळाला हात लावावा. क्यूमधून वाटल्या गेलेल्या कितीतरी जुन्या शीटवर छापील लेबल आहे, "मलबार, कोकण इत्यादी" आणि गोळा करणारे कोण तर "स्टॉक्स, लॉ इत्यादी". झालं! म्हणजे इकडे मुंबईपासून तिकडे केरळपर्यंतचा आख्खा पट्टा, आणि माणूसही नक्की कोण ते कळत नाही. अशा एका शीटवरून ती वनस्पती परत शोधायची असेल तर सुरुवात कुठून करायची? मग लोक त्या काळातल्या माणसांच्या बदल्या कुठे झाल्या, ते कुठल्या रस्त्याने फिरत, उन्हाळ्यात कुठल्या हिल स्टेशनला राहत हे शोधतात, म्हणजे वनस्पतीशास्त्र राहतं बाजूला आणि इतिहासाचं काम होऊन बसतं.

लेबल नीट असेल तर मात्र काम होतं. सेरोपेजिया लॉई ही लॉ साहेबाच्या नावाची खरपुडी, वेलीसारखी न चढता सरळ उभी वाढते, ती कित्येक दशकं कुणाला दिसलेली नव्हती आणि मग हरिश्चंद्रगडावर परत मिळाली. तसंच सोनघंटेचं. शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई, आणि हे रानडे म्हणजे पुण्याच्या सायन्स कॉलेजात वुड्रोंबरोबर काम करणारे एन. बी. रानडे, त्यांनी आंबा घाटात हे झुडूप पहिल्यांदा गोळा केलं आणि १८९४ मध्ये वुड्रो आणि स्टाप्फ यांनी ते जगापुढे मांडलं. इंग्रज साहेबांच्या नावांच्या गर्दीत एक मराठी आडनाव वनस्पतीला लागलं याचं मला उगाचच बरं वाटतं. ही सोनघंटासुद्धा कितीतरी वर्षं गेलीच असं समजत होते, मग घाटमाथ्यावरच्या मोजक्या जागी परत मिळाली.

मग कुणी म्हणेल की परत मिळतायत ना सगळी, मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम आकड्यांत दिसतो. २०१९ साली क्यू आणि स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून बघितल्या. १७५३ पासून, म्हणजे लिनियसने वनस्पतींना आजच्या पद्धतीची नावं द्यायला लागल्यापासून, बाराशेच्या वर जाती कधी ना कधी नामशेष म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. त्यातल्या अर्ध्याहून जास्त एकतर परत सापडल्या किंवा नंतर कळलं की ती वेगळी जात नव्हतीच, दुसऱ्याच एका जिवंत जातीला दिलेलं जास्तीचं नाव होतं. या सगळ्या वजा करून उरल्या ५७१. आणि हा आकडा पक्षी, सस्तन प्राणी आणि बेडूकवर्गीय उभयचर या तिघांच्या मिळून नामशेष झालेल्या जातींच्या दुपटीपेक्षा जास्त आहे! डोडो सगळ्यांना माहीत, या ५७१ मधली एक तरी कुणाला सांगता येईल का. शिवाय परत सापडलेल्यांपैकी बहुतेक धोक्याच्या यादीतच आहेत, म्हणजे हॉस्पिटलमधून घरी आलेत असं काही नाही, आयसीयूतच आहेत फक्त नाव कळलंय.

आणि ५७१ हा कमीतकमीचा आकडा धरायचा, कारण जी वनस्पती कुणी गोळा करायच्या, नाव द्यायच्या आधीच संपली तिची नोंद कशी होणार. हबार्डिया तीस वर्षं नावाशिवाय कागदावर पडून होतं हे लक्षात घ्या, ते निदान कागदावर तरी होतं.

आता डोंगरातल्याच वनस्पतींना हे जास्त का होतं. एक तर त्यांचं घर लहान. सपाटीवरचं झाड शेकडो किलोमीटर पसरू शकतं, पण ज्याला विशिष्ट उंचीवरचा, विशिष्ट दिशेचा, वरून पाणी झिरपणारा बेसॉल्टचा कडाच लागतो त्याला एका गडाच्या दोन कड्यांपलीकडे जागा नाही. मधे दरी, दरीच्या पलीकडे पुढचा डोंगर, आणि बी तिथपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून आपल्याकडे एकेका गडाच्या, एकेका सड्याच्या, म्हणजे सपाट कातळपठाराच्या, आपापल्या जाती झाल्या. याचा फायदा म्हणजे सह्याद्री इतका श्रीमंत आहे, आख्ख्या पश्चिम घाटात ७,४०० च्या आसपास फुलझाडं आहेत. आणि तोटा हा की एक कडा गेला, एक सडा खणला, तर काही जातींची सगळी लोकसंख्या एका झटक्यात जाते.

दुसरं, उष्णता वाढली की वनस्पती हळूहळू वर सरकतात, थंडाव्याच्या शोधात. हिमालयात वर सरकायला जागा आहे, निदान काही काळ. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, कास १,२०० च्या आसपास. माथ्यावरचं झाड अजून वर कुठे जाणार?

तिसरं कारण जरा कमी बोललं जातं. खरपुडीचं फूल हे एक पिंजरा असतं. वासाने बारीक माश्या आत येतात, नळीतले खाली वळलेले केस त्यांना बाहेर पडू देत नाहीत, त्या आत धडपडतात, परागांची पुडी अंगाला चिकटते, मग केस सुकले की माशी सुटते. आता तिने दुसऱ्या रोपाच्या फुलात जाऊन परत अडकलं पाहिजे, तेव्हा कुठे बी धरणार. डोंगरावर शंभर वेली असतील तर हे जमतं. चार उरल्या, त्याही लांब लांब, तर माशी दुसऱ्या फुलापर्यंत पोचतच नाही. कंद जिवंत, वेल दरवर्षी वर येतेय, फुलंही येतायत, सगळं छान दिसतंय, आणि पुढची पिढी शून्य. कागदावर ती जात जिवंत असते, प्रत्यक्षात तिचा हिशोब बंद झालेला असतो. त्यात कंद खायला गोड, गुराखी पोरं खातात, साळिंदर आणि रानडुक्कर उकरून खातात. पूर्वीही खायचेच, पण तेव्हा वेली भरपूर होत्या.

माणसाने केलेलं तर आहेच. वणवे, दरवर्षी जानेवारीपासून मुद्दाम लावलेले, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने. घाटरस्त्यांचं रुंदीकरण, ज्यात रस्त्याकडेचा ओला कातळ पहिल्यांदा फोडला जातो. चाळकेवाडीसारख्या पठारांवर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासोबत रस्ते आले. लॅटराइटचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, सडे सरकारी कागदावर पडीक म्हणून लागतात, आणि एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक, मग पावसाळ्यात तिथे गेंद आणि सीतेची आसवं यांचा गालिचा असला तरी. आणि हे सांगितलेलं कुणाला आवडणार नाही, पण गडकोटांची स्वच्छता करताना तटबंदीवरचं आणि कड्यावरचं सगळं हिरवं सरसकट उपटायची जी पद्धत पडलीय तीही थांबायला हवी. वडा-पिंपळाची मुळं तट फोडतात, ती काढलीच पाहिजेत, वादच नाही. पण शिंदळ माकुडी काही तट पाडत नाही.

ही शिंदळ माकुडी म्हणजे फ्रेरिया इंडिका. डॅलझेलने १८६० च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि त्या वेळचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याचं नाव दिलं. शिवनेरी, पुरंदर अशा गडांच्या कड्यांवर उगवते, गुबगुबीत देठ आणि लालसर-मरून चांदणीसारखी पिवळ्या ठिपक्यांची फुलं. रानात इतकी मोजकी की आययूसीएनने तिला एकेकाळी जगातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या वनस्पतींच्या यादीत घातलं होतं. आणि गंमत म्हणजे कुंडीत ती आरामात येते, फांदीचा तुकडा लावला की धरतो, देशोदेशीचे सक्युलंटवाले हौशी लोक ती बाल्कनीत वाढवतात. म्हणजे जगवायला अवघड नाही, तिचा कडा सांभाळणं अवघड आहे. बागेतली रोपं हा विमा आहे हे खरं, पण एकाच रोपाचे तुकडे लावत गेलं तर ती सगळी एकाच रोपाची नक्कल असते. एक रोग आला तर सगळी एकदम जातात. म्हणून वेगवेगळ्या गडांवरची रोपं, बियांपासून, नोंद ठेवून वाढवावी लागतात. शिवाजी विद्यापीठाच्या बागेत खरपुड्यांचा असा संग्रह केलेला आहे, आणि पुण्याला बीएसआयच्या, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या, केंद्रातही दुर्मिळ जातींवर असं काम झालंय.

आता परत ठरवण्याच्या भानगडीकडे येतो, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते आणि दोन्हीची किंमत वेगळी.

घाईने नामशेष म्हटलं तर काय होतं? शोध थांबतो, निधी थांबतो, आणि त्या जागेवर खाणीची परवानगी मागणाऱ्याला आयतं उत्तर मिळतं, इथे आता काहीच नाही. शास्त्रज्ञ याला रोमिओ चूक म्हणतात, मेली समजून हात सोडला आणि ती जिवंत होती. हवाई बेटांतल्या काउआईवर जास्वंदीच्या नात्यातलं एक झुडूप, हिबिस्कॅडेल्फस वूडी, १९९१ मध्ये सापडलं आणि २०१६ मध्ये नामशेष जाहीर झालं. २०१९ मध्ये तिथल्या सरळसोट कड्याजवळून ड्रोन फिरवला तर खाचेत तीन झाडं उभी, जिथे दोर लावूनही माणूस पोचणं मुश्कील. आपल्याकडच्या कोकणकड्याच्या पोटात काय काय असेल हा विचार माझ्या तरी डोक्यातून जात नाही.

आणि उलटी चूक, सापडल्याची दवंडी पिटणं. पॅफिओपेडिलम ड्रुरी हे आमरीतलं, म्हणजे ऑर्किडमधलं, पिवळ्या फुलाचं एक नवल, फक्त केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलै डोंगरात. १८६५ च्या सुमारास कर्नल ड्रुरीला मिळालं, मग बराच काळ गायब, १९७० च्या दशकात परत सापडलं. आणि सापडल्याची बातमी फुटल्यावर ऑर्किडचे व्यापारी तिथे पोचले, रोपंच्या रोपं उपटून नेली. हरवलेलं होतं तोवर सुरक्षित होतं, असं म्हणायची वेळ आली.

त्यामुळे पावसाळी ट्रेकला काही वेगळं दिसलं तर फोटो जरूर काढा, पण नुसता फुलाचा क्लोजअप काढून उपयोग नसतो. पान पुढून-मागून, देठ, शेंग असेल तर शेंग, आणि आजूबाजूचा कातळ दिसेल असा एक लांबून. तारीख फोनमध्ये असतेच. गवत असेल तर मात्र फोटोवरून छातीठोक सांगणारा माणूस मिळणं कठीण, तिथे अभ्यासकालाच जागा दाखवावी लागते. उपटायचं नाही, "एकच नेतो" म्हणूनही नाही. इन्स्टावर लोकेशन टॅग करायचं नाही, फोटोच्या आत लपलेलं जीपीएस काढून टाकायचं. आयनॅचरलिस्टवर टाकलं तर धोक्यातल्या जातींची जागा ते ॲप आपोआप वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात धूसर करतं, पण जातीची ओळखच पटलेली नसेल तर ॲपला कसं कळणार की ती धोक्यातली आहे, म्हणून अपलोड करतानाच लोकेशन स्वतः धूसर करायचं. आणि नेमकी जागा फक्त जवळच्या विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्र विभागाला किंवा पुण्याच्या बीएसआयला कळवायची. उत्तर यायला वेळ लागला तर मागे लागा, कारण फुलांचे दिवस थोडे असतात आणि सप्टेंबर संपला की त्यांनाही पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.